वाक्यात उपयोग

केनवडच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधता बांधता चंपत बायकोला इंग्रजी शिकवायचा. "लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं. कर वाक्य."

हौसा म्हणाली, "आय लुक आफ्टर बैल."

"आता लुक फॉरचं कर. त्यात माझं नाव पाह्यजे."

"नवऱ्याचं नाव घेतलं तं त्याचं आयुष्य कमी होते."

"इंग्रजीत घे. देवाले कुठं इंग्रजी येते?"

ती हसली. नाव मात्र घेतलं नाही.

साथीच्या तापात चंपत गेला. राख सावडून माणसं परतली, तेव्हा हौसा मळ्यात जुड्या बांधत बसली होती.

"राहू दे, माय," सासू म्हणाली.

हौसानं हातातली जुडी बांधून खाली ठेवली आणि कुठंही न अडखळता म्हणाली, "आय लुक फॉर चंपत."