कमरेपर्यंतची झोप

खोलीतली सगळी माणसं पांढरी होती आणि एकालाही तोंड नव्हतं.

टेलरबाईला ऐकू येत नसे. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं उचलायची, आणि इतक्या सफाईने की नवं गिऱ्हाईक माप देऊन, घासाघीस करून घरी जाई तरी त्याला पत्ता नसे. मग साथ आली आणि सगळ्या जगाचे ओठ झाकले गेले. आता तर ती साथ तिलाच लागली होती. अंगात ताप, छातीत धाप, नाकाला ऑक्सिजन आणि पोटातलं बाळ दमलेलं. सिझर आत्ताच करायचं, एवढं वॉर्डात कुणीतरी लिहून दाखवलं होतं. नवरा दाराबाहेरच राहिला. तिला इथे ऑपरेशनच्या खोलीत आणलं तेव्हापासून किट घातलेले हे पांढरे ढग तिच्याभोवती तरंगत होते.

पायाशी दोन ढगांचं काहीतरी चाललं होतं. उंच ढगाने आपल्या कानाकडे बोट दाखवलं, नाही नाही केलं आणि जोडलेले तळहात गालाखाली धरले. टेलरबाईला कळलं. हिला ऐकू येत नाही, हिच्याशी बोलणार कसं, झोपवून मोकळे होऊ.

ठेंगणा ढग काही मान डोलवेना. त्याने हातमोज्यांचा रिकामा खोका फाडला, त्यावर जाड पेनाने लिहिलं आणि तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

‘मी भूल देणारी डॉक्टर. पूर्ण झोपवू, की फक्त कमरेखाली बधीर करू?’

झोप! त्या शब्दानेच तिच्या पापण्या मिटायला आल्या. किती रात्री ती धापा टाकत बसूनच होती.

"झोपवा," ती म्हणाली. तिचे शब्द कडांना विरलेले असत, पण डॉक्टरला समजले.

डॉक्टरने पुठ्ठा उलटा केला. पेन बराच वेळ चाललं.

‘झोपवलं तर श्वासनळीत नळी घालावी लागेल. तुमची छाती आधीच दमलीय. नळी लगेच निघेल असं सांगता येत नाही. जाग्या राहिलात तर तुमचा श्वास तुम्हीच घ्याल. पण पाठीत सुई टोचताना मी मागे असेन, तुम्हाला दिसणार नाही. आणि अजिबात हलायचं नाही.’

टेलरबाईने ते पुन्हा वाचलं. डोळे मिटले की तिच्यासाठी सगळंच मिटायचं. बाकीच्यांना निदान कान तरी उरत. त्या काळोखात बाळाला घेऊन उतरायचं, आणि वर कधी यायचं ते कुणालाच ठाऊक नाही.

"सुईचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली. "दिवसभर तिच्याशीच तर संसार माझा. जागीच ठेवा."

डॉक्टरच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. हसली असावी.

तिला बसवलं, पाठ वाकवली. समोर उभ्या सिस्टरने तिचे खांदे घट्ट धरले. मागून एक तळहात पाठीवर टेकला आणि तिथेच राहिला. मग टोचलं. ती हलली नाही.

तिला उताणं निजवलं. पायांत ऊब चढली, कोमट पाण्यात उतरल्यासारखी. हळूहळू पाय तिचे राहिले नाहीत. कुणीतरी उसने नेल्यासारखे लांब, लांब गेले. ऊब वर सरकत छातीशी आली आणि एकाएकी तिला आपला श्वास जाणवेना. चालू आहे की थांबला? तिने डोळे विस्फारले. समोर निळा पडदा, वर दिवा.

दिव्याच्या आड डॉक्टर आली, अगदी जवळ वाकली. तिने खांदे सावकाश वर उचलले, खाली सोडले. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिच्या डोळ्यांपुढच्या काचेवर वाफ धरली, विरली, परत धरली. टेलरबाई त्या वाफेकडे बघत राहिली. धरली की श्वास सोडायचा, विरली की घ्यायचा. पडद्यापलीकडे कुणीतरी तिच्या आत हात घालून गाठोडं उपसत होतं. दुखत नव्हतं, नुसती ओढ जाणवत होती.

मग सगळे ढग एका बाजूला वळले. कुणी हलेना. टेलरबाईने डॉक्टरच्या डोळ्यांत पाहिलं. तेही तिकडेच लागले होते.

"काय झालं? सांगा ना!"

डॉक्टरने बोट वर केलं. थांबा. काचेवरची वाफ विरली ती परत धरलीच नाही.

आणि पडद्यावरून सिस्टरचे हात आले. हातभर अंतरावर, चादरीत गुंडाळलेलं, रागाने लालबुंद झालेलं एक पोर. मुलगी. डोळे गच्च मिटलेले आणि तोंड उघडलेलं, इतकं मोठं की हिरड्या दिसाव्यात, जीभ थरथरताना दिसावी.

टेलरबाई बघत राहिली.

"अगं हो, हो," ती म्हणाली. "ऐकतेय ना मी."