पेन्सिलीतला शेरा

"योनास दहशतवादी होता, याला पुरावा काय होता?" वकील मृणाल केंकरे भर कोर्टात कडाडली. "तुम्ही त्याला त्याच्या देशात परत पाठवलंत आणि तिथे विमानतळाबाहेरच त्याला गोळ्या घालण्यात आल्या!"

"आठवत नाही, मॅडम," साक्षीला उभे असलेले उपसचिव दिघे म्हणाले.

त्यांना खरंच आठवत नव्हतं. हद्दपारीच्या हुकमावर सही झाली की अधिकाऱ्याच्या डोक्यातून तेवढ्या प्रकरणाची आठवण यंत्राने पुसून टाकायची, असा गोपनीयतेचा नियमच होता. चार वर्षं प्रत्येक अधिकारी कोर्टात हेच सांगत होता आणि एकही जण खोटं बोलत नव्हता.

मृणालच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने योनासची फाइल दिघ्यांपुढे आपटली. जुन्या सवयीने दिघ्यांनी शाईने लिहिण्याआधी पेन्सिलीने कच्चा शेरा लिहिला होता, आणि तो खोडायचा राहून गेला होता.

"वाचा. मोठ्याने वाचा!"

"पुरावा नाही. माणूस चुकीचा धरलाय. साहेब म्हणतात, सही करून टाका, उद्या काही आठवणार नाही."

अक्षर त्यांचंच होतं. दिघ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सरकारी बाकावरच्या अधिकाऱ्यांकडे वळून त्यांनी विचारलं, "असे मी आणखी किती पाठवले?"

तिथे बसलेल्या कुणालाच आठवत नव्हतं.