बरं वाटतंय ना?

फिजिओथेरपीच्या मॅडमनी निर्गुडीच्या तेलाची वाटी बाजूला सारली. "किती दिवस चोळताय?"

"यांना लकवा मारला तेव्हापासून. पाच महिने झाले," शैलजाबाई म्हणाल्या. "पायाची बोटं मुठीसारखी आवळतात. रोज जोर लावून सरळ करते. बरं वाटतंय ना विचारलं, की 'हो' म्हणतात. डोळे भरून येतात हो त्यांचे."

मॅडम खाटेशी वाकल्या. "काका, पाय दुखतो?"

"हो."

"म्हणजे दुखत नाही?"

"हो."

"आज दिवाळी आहे?"

बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं.

"हो."

"काका, डोळे मिटा बघू." त्यांनी लगेच मिटले.

"यांना कळतं सगळं," मॅडम हळूच म्हणाल्या, "पण तोंडातून एवढा एकच शब्द निघतो. आणि असं जोरात ओढलं, की स्नायू आणखी आखडतो. जीवघेणी कळ येते. आता इंजेक्शन देऊन पाय सैल करावा लागेल."

शैलजाबाईंनी तेलकट हात पदराला पुसले. पुन्हा पुसले. मॅडम गेल्यावर त्या नवऱ्याच्या पायाशी बसल्या, पण पायाला हात लावायचा धीर होईना.

"अहो, चुकलं माझं. माफ कराल ना मला?"

"हो," ते लगेच म्हणाले.