खोबरेलाची वाटी

जयवंतीने खोबरेलाची वाटी पायरीवर ठेवली आणि लेकीला समोर बसवलं. परदेशातल्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरून ती अठरा वर्षांनी घरी आली होती. देवळासमोरच्या सत्काराचा रंग अजून चेहऱ्यावर होता.

"किती थापलंस गो! तिकडे खोबरेल मिळना नाय?"

लेक हसली, पण डोळे तिने घट्ट मिटून घेतले.

ती मुलगा म्हणून वाढत होती, तेव्हाही अशीच या पायरीवर बसायची. दशावतारात सीता, तारामती व्हायची आणि सकाळी आई तेलाने रंग उतरवायची. अशी सीता दुसरी नाही, म्हणून गाव डोक्यावर घ्यायचं. एका सकाळी मात्र पोर हळूच म्हणालं, "आये, कुंकू तेवढां रवांदे. माका बाईच होवन ऱ्हवाचां आसा." गावाच्या धाकाने जयवंतीने ते कपाळ लाल होईपर्यंत घासलं. दुपारच्या एसटीने पोर गेलं, ते गेलंच.

आता तिने कापूस तेलात बुडवला. गाल पुसले, काजळ पुसलं, ओठ पुसले. बोटं कपाळाशी आली तशी लेक जराशी मागे सरली. जयवंतीने कुंकवाच्या कडेकडेने कापूस फिरवला. तरी ते जरासं फिसकटलंच. मग ती उठली आणि नवरा गेल्यापासून बंद ठेवलेला आपला कुंकवाचा करंडा घेऊन आली. बोट बुडवून तिने ते कुंकू पुन्हा गोल रेखायला घेतलं.

लेकीचे खांदे हलू लागले.

"हलू नको गो," जयवंती म्हणाली, "वाकडां जायत."