अण्णांचा पॅच

"परत पाठवलास ना?" आईने फोनवर विचारलं.

"पाठवला. एक चूक राहिलीय," शुभांगी म्हणाली.

"सातव्यांदा?"

"सहाव्यांदा. अण्णांना दे जरा."

म्युनिकमध्ये सकाळचे नऊ वाजले होते, नाशिकरोडला दुपारचे साडेबारा. शुभांगी कर्नलवर काम करायची. कर्नल म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा गाभा. शेजारच्या झुंबरबाई मात्र कॉलनीत सांगत, की प्रतिभाताईंची मुलगी जर्मनीत कुठल्याशा कर्नलकडे कामाला आहे. इतकी वर्षं झाली तरी त्या कर्नलला बढती कशी मिळत नाही, याचं त्यांना नवल वाटे.

या गाभ्यासाठी जगभरातून लोक दुरुस्त्या पाठवत. त्यांना पॅच म्हणायचे. मेमरीच्या नोंदींचे पॅच शुभांगीकडे तपासायला येत. काम साधं वाटायचं. प्रोग्रामने मेमरी घेतली की आकडा एकने वाढवायचा, परत केली की एकने कमी करायचा. कमी करायचं राहिलं तर रिकामी जागाही भरलेली दिसते आणि मशीन हळूहळू गुदमरतं.

अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घरी लिनक्स शिकले. पॅच स्वीकारला गेला की पाठवणाऱ्याचं नाव त्या बदलाबरोबर कायम राहतं. आपलं 'गोरक्ष' हे नाव तिथे लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. हात थरथरायचे, म्हणून ते सांगत आणि आई टाइप करी. निफाडच्या कचेरीत ती वीस वर्षं टायपिस्ट होती. "मला काय कळतंय त्यातलं? मी आपली कंस मोजते," म्हणायची.

पहिला पॅच पाठवतानाच अण्णांनी शुभांगीला बजावलं होतं, "बाप आहे म्हणून पास केलंस, तर घरात पाऊल ठेवू नकोस."

फोन अण्णांच्या हातात गेल्याचा आवाज आला.

"हॅलो. कोण?"

"अण्णा, मी."

"मॅडम, कुठल्या खात्यातून बोलताय आपण?"

शुभांगी हसली. "छाननी खात्यातून. तुमचा अर्ज नामंजूर झालाय, साहेब."

"बरं बरं. आमच्या शिफ्ट इंजिनिअरला सांगतो."

हे गेले काही महिने चाललं होतं. पॅच परत गेला की ती मॅडम व्हायची. ती आणखी काही बोलणार, तोच आईने फोन घेतला. "कानात मशीन घालत नाहीत गं. त्यांना ऐकू जात नाही. काय चुकलंय ते मला सांग, मी सांगते त्यांना."

"डिस्कवर लिहिताना मध्येच अडचण आली, तर फंक्शन तिथूनच बाहेर पडतं. घेतलेली मेमरी परत केल्याची नोंद राहून जाते. बाकी छान आहे. आणि त्यांना म्हणावं, हल्ली मेलही छान लिहिता. पूर्वी दोन पानं भरून वाद घालायचे. आता चार ओळी, मुद्देसूद."

आई म्हणाली, "सांगते."

त्यानंतर नवव्या दिवशी अण्णा गेले. चार दिवसांचा ताप, मग न्यूमोनिया. शुभांगी पोचली तेव्हा अंत्यविधी उरकले होते. गेल्या गणपतीनंतर तिचं येणंच झालं नव्हतं. दिवाळीला यायचं ठरवलं होतं, पण आईच म्हणाली होती, "सुट्टी साठव, उन्हाळ्यात निवांत ये."

झुंबरबाई भेटायला आल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सुटले हो बिचारे." शुभांगीला ते खटकलं. चार दिवसांच्या आजारातून कसलं सुटणं?

तिसऱ्या दिवशी दुपारी घर जरा रिकामं झालं. ती अण्णांच्या कॉम्प्युटरसमोर बसली. नव्या आवृत्तीत बदल घेण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. एका ओळीची चूक. तेव्हाच ती स्वतः दुरुस्त केली असती, तर त्यांनी आपलं नाव डोळ्यांनी पाहिलं असतं. स्वतःच्या कडकपणाचा तिला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता.

"काय करतेस?" आईने विचारलं. ती मागे पलंगावर अण्णांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती.

"अण्णांचा पॅच पुरा करतेय. त्यांच्याच नावाने पाठवते."

"वशिला लावतेस?"

"हो."

"लाव," आई म्हणाली. "आता कोण ओरडणार आहे तुला?"

दोघी हसल्या.

शुभांगीने फंक्शनच्या अगदी शेवटी, सगळ्या वाटा जिथे मिळतात तिथे, आकडा एकने कमी करणारी ओळ घातली. डोळे भरून आल्यामुळे पडदा नीट दिसत नव्हता. तिने ते पुसले आणि फाइल जतन करायला हात पुढे केला.

"तिथे नको," मागून आई म्हणाली.

"काय?"

आई सदरा हातात घेऊन उठली आणि तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघू लागली. "सुरुवातीलाच मेमरी मिळाली नाही, तर प्रोग्राम थेट इथेच येतो. तेव्हा त्याने काही घेतलेलंच नसतं. न घेतलेलं परत केलंस, तर आकडा शून्याच्या खाली जाईल. ती ओळ वर घाल, डिस्क अडते तिथे."

शुभांगीने पुन्हा वरपासून वाचलं. आईचं बरोबर होतं.

"हे अण्णांनी सांगून ठेवलं होतं तुला?"

आईने सदऱ्याची घडी हाताने सारखी केली.

"ह्यांना गेल्या दिवाळीपासून मी कोण, तेही आठवत नव्हतं, बाळा."