न दचकणारा दिवा

"आता पुन्हा दचकणार," स्टुलावर उभा असलेला वायरमन स्वतःशीच म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले. पुढचं त्याला पाठ होतं.

पलंगावरचा एलईडी मंद होत होत तळाशी आला, तिथे लुकलुकला आणि कुणी मान मुरगाळावी तसा विझला. काकू ताडकन उठून बसल्या.

"आला का तो?"

काकांनी मोठा दिवा लावला. काकू खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलगा क्लासवरून यायचा होता. काकूंनी ऐंशी ओलांडली होती, म्हणजे क्लास जरा लांबलाच होता.

"काकू, बसा ना."

"तो आल्यावर बसते. तुम्ही तुमचं बघा, वायरमन. आठवडा झाला, एक दिवा होईना तुमच्याच्यानं."

"एलईडी आहे हो. हट्टी असतो."

यात खोटं काही नव्हतं. जुना पिवळा बल्ब सज्जन होता. वीज कमी दिली की बिचारा कमी व्हायचा आणि कधी विझला ते कळूही द्यायचा नाही. एलईडीला पोसायला ड्रायव्हर नावाची डबी लागते. उजेड कमी करायला डिमर फिरवला की ती वीज सलग न देता तुकड्यातुकड्यांनी देते. भरपूर असते तोवर तुकडे दिसत नाहीत, तळाशी आलं की बिंग फुटतं. संसाराचंही तसंच असतं, पण ते असो. वायरमनने आधी डिमर बदलला, मग दिवा बदलला. दचकणं काही जाईना.

काकूंना हल्ली घरात परकं माणूस खपत नसे. डॉक्टर आले की त्या पांघरुणात शिरत. नर्सला तर चोर ठरवून त्यांनी जिन्यापर्यंत पिटाळलं होतं. वायरमनला मात्र त्या भीत नव्हत्या. वायरमन घरात शिरणारच आणि काम अर्धवट टाकून पुन्हा येणारच, ही जगाची रीत त्या विसरल्या नव्हत्या.

"माझा मुलगा असता तर चुटकीसरशी केलं असतं," खिडकीतून नजर न हलवता त्या म्हणाल्या. "एवढासा होता, तेव्हा अख्खा रेडिओ उघडून परत बसवला त्याने."

"वाजला?"

"वाजतोय कसला! बसवला म्हटलं मी."

"स्क्रू उरले असतील."

"मूठभर!" काकू गर्रकन वळल्या. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"सगळ्यांचेच उरतात, काकू."

त्या खुदकन हसल्या आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या.

काकांनी स्वयंपाकघरात चहा ठेवला. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता आणि काकांचा हात आता तिथवर पोचत नव्हता. वायरमनने तो काढून दिला.

"ती ज्याची वाट बघते ना," काका आधणाकडे बघत म्हणाले, "तो काही आता यायचा नाही. तिला सांगून कळत नाही. निदान अंधार कधी झाला हे तिला कळलं नाही, तर झोप तरी लागेल. दचकली की संपलं, मग पहाटेपर्यंत उभी. पाय बघितलेस ना सुजलेले?"

वायरमनने मान हलवली. मग त्यानेच साखर घालून चहा गाळला.

दुसऱ्या दिवशी तो नवा ड्रायव्हर घेऊन आला. हा तुकडे करणारा नव्हता, धार सलग ठेवून ती बारीक करणारा होता. फोनच्या कॅमेऱ्यातून त्याने दिवा पाहिला. काल पडद्यावर काळे पट्टे धावत होते, आज एकही दिसेना. तरी त्याचं समाधान झालं नाही. माणसाचा डोळा भर उजेडात आळशी आणि अंधारात भलता चौकस. म्हणून उजेडाची उतरण त्याने वर झपझप आणि खाली अगदी गोगलगाईची ठेवली.

संध्याकाळी काकू आडव्या झाल्या. वायरमन पलंगाजवळ स्टुलावर बसला. डिमर आता आपला आपणच उतरत होता.

"वायरमन, आई आहे ना तुमची?"

"आहे."

"मग निघा घरी. आईला वाट बघायला लावू नये. काही सुचत नाही हो मग."

"एवढा दिवा विझला की निघतो."

"तुम्ही चेहऱ्याने बरे आहात. हाताने जरा मठ्ठ आहात."

"आमची आईही हेच म्हणायची."

उजेड भिंतीवरून उतरला, मग चादरीवरून, मग काकूंच्या हातांवरून. त्यांचं बोलणंही त्याच्याबरोबर उतरत गेलं. खोलीत अंधार कोणत्या क्षणी झाला हे दारात उभ्या काकांनाही सांगता आलं नसतं.

"आलास?" अंधारातून झोपाळलेला आवाज आला.

काकांनी श्वास रोखला.

"आलो गं, आई," वायरमन म्हणाला. गिऱ्हाइकाचं मन मोडू नये, हे कुठल्याही चांगल्या कारागिराला कळतं.

"जेवून घे हं."

"घेतो."

मग नुसता संथ श्वास ऐकू येत राहिला.

वायरमन पाय न वाजवता बाहेर आला. त्याने दार अलगद ओढून घेतलं आणि हत्यारांची पिशवी खाली ठेवली. काका भिंतीला टेकून डोळे पुसत होते.

"तुम्ही पडा आता, बाबा," तो म्हणाला. "आईजवळ आज मी झोपतो. सकाळी ती उठायच्या आत बाहेर जाऊन बेल वाजवीन. उद्यापासून पंखा बिघडलाय म्हणा."