राघूची परवानगी

मंचरच्या वाचनालयात उभं आयुष्य काढलेल्या अनंतरावांनी सत्तराव्या वर्षी पहिली कथा लिहिली, तीही इथल्या मेंढपाळांवर आणि त्यांच्याच बोलीत. एका दिवाळी अंकाने ती घेतलीही, पण अनंतरावांचा जीव काही थाऱ्यावर राहीना. दुसऱ्याचं जिणं, दुसऱ्याची भाषा आपण न विचारता उचलली, ही चोरीच की. ओळखीचा मेंढपाळ राघू नको म्हणाला तर अंकाकडून कथा परत घेऊन कागद फाडून टाकायचे, असं ठरवून ते अवसरीला गेले. राघूची मेंढरं तिथल्या एका रानात खतासाठी बसवलेली होती.

"राघूभाऊ, नीट ऐका. काही खटकलं तर स्पष्ट सांगा."

"वाचा की सर. मेंढरं काय आता कुठं जात न्हाईत."

अनंतराव मान वर न करता वाचत गेले. 'व्हतं', 'न्हाई' असे शब्द आले की त्यांचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. राघूची बायको नंदा चुलीपुढून उठून जवळ येऊन बसली. शेवटी कथेतला म्हातारा मेंढपाळ वारला, तेव्हा तिनं डोळ्यांना पदर लावला.

"मग, छापू ना?" अनंतरावांनी घाबरत विचारलं.

"छापा की बिनघोर. त्याला आमची परवानगी कशाला लागती?" राघू म्हणाला.

अनंतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागद पिशवीत घातले.

 

नंदानं पदरानं नाक पुसलं. "लई भोगलं बिचाऱ्यांनी. कुठल्या मुलखातली म्हणायची, सर, ही माणसं?"